रिपोर्ट आल्यानंतरचे पहिले तीन महिने

आपल्याकडे मधुमेह मुद्दाम शोधायला गेलेल्याला क्वचितच सापडतो. तो निघतो दुसऱ्याच कशाच्या तरी निमित्ताने. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतं आणि आधीच्या रक्ततपासणीत फास्टिंग १८० येते. कुणाला कंपनीच्या वार्षिक तपासणीत कळतं, कुणाला विम्याच्या मेडिकलमध्ये, कुणाला पायाच्या बोटाची जखम महिनाभर भरून आली नाही म्हणून. ध्यानीमनी नसताना आलेला तो कागद घरी पोचतो आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी जाते : 'यांना शुगर निघाली.'

पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. काही घरांत दुसऱ्याच दिवशी कर्फ्यू लागतो. साखर, भात, बटाटा, केळं, आंबा सगळं बंद. सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे, दुपारी जांभळाच्या बियांची पूड आणि पहाटे पाचला टेकडी. हे साधारण पुढच्या मोठ्या सणापर्यंत टिकतं. दुसऱ्या प्रकारच्या घरांत कागद फाइलीत जातो आणि 'अहो, बॉर्डरवर आहे फक्त' हे वाक्य जन्माला येतं. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, आणि वाईट म्हणजे पहिल्या प्रकारातली बहुतेक माणसं थकून शेवटी दुसऱ्यातच येऊन बसतात.

म्हणून आधी ही बॉर्डर कुठे असते ते पाहू. रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली साखर १००च्या खाली असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. लोक ज्याला बॉर्डर म्हणतात ती हीच. १२६ किंवा त्यावर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा अधिक आली तरीही मधुमेहच. तिसरी तपासणी एचबीएवनसीची, जिला सगळे 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. तिच्यात ५.७ ते ६.४ ही मधली पट्टी आणि ६.५पासून पुढे मधुमेह. थोडक्यात, फास्टिंग १४५ असलेला माणूस बॉर्डरवर नसतो, तो बॉर्डर ओलांडून आत आलेला असतो.

मात्र एकाच कागदावर विश्वास ठेवू नये. त्रास काहीच नसेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून किंवा दुसऱ्या पद्धतीने करून खात्री केली जाते. तहान तहान होतेय, रात्री चार वेळा उठावं लागतंय, वजन उतरलंय आणि कधीही घेतलेली साखर २००च्या वर आहे, असं असेल तेव्हा मात्र एवढा पुरावा पुरतो. एचबीएवनसीबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांनी तरी माहीत करून घ्यावी. ही तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते, आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते म्हणून त्यातून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लाल पेशी लवकर मरत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर कमी. तेव्हा हिमोग्लोबिन आठ असताना आलेला ६.६ हा आकडा पाहून कुणी लगेच हातपाय गाळू नयेत. फास्टिंग आणि जेवणानंतरची साखर सोबत पाहावी.

आणखी एक अपवाद सुरुवातीलाच सांगून ठेवतो. रुग्ण लहान किंवा तरुण असेल, अंगाने बारीक असेल, काही आठवड्यांत झपाट्याने वजन उतरलं असेल, उलट्या किंवा पोटदुखी असेल, तर या प्रकरणातला 'घाई नको' हा सूर त्याच्यासाठी नाही. तो टाइप १ असू शकतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टर आणि बहुधा त्याच दिवशी इन्शुलिन लागतं. इथून पुढचं सगळं टाइप २बद्दल आहे.

रिपोर्ट वाचून झाला की पहिला प्रश्न येतो, 'मलाच का?' आणि त्याचं उत्तर सहसा घरातलंच कुणीतरी देतं : 'गोड कमी खा म्हणून किती वेळा सांगितलं!' हे उत्तर जितकं चटकन सुचतं तितकंच ते अपुरं आहे. त्याऐवजी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाकडे पाहावं. १९९३ साली त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधीपासून त्यांची वजनं, खाणं, काम यांच्या नोंदी ठेवल्या आणि मग जन्मलेली बाळं मोजली. या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, हे नवल नव्हतं. नवल हे की त्यांचे स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान असताना कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबीदार! हा साचा आईच्या पोटातच तयार झालेला होता.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या आजाराचं कोडं एवढ्या सोप्या पद्धतीने क्वचितच कुणी मांडलं असेल. 'मी तर जाड पण नाही, मग मला कसा?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो डोळ्यांसमोर आणावा.

आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असणं, जन्माचं वजन कमी असणं, बसून काम, कमी झोप, पोटाभोवतीचा घेर, वाढतं वय, काही वेळा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स असं बरंच काही त्यामागे असतं. जिलेबीचाही वाटा असतो, पण ती एकटी आरोपी नव्हे. आणि तुम्ही एकटे तर मुळीच नाही. आयसीएमआर-इन्डियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. एवढी माणसं काही एकाच वेळी बेशिस्त झालेली नाहीत.

दोष बाजूला ठेवायचा तो मनाला बरं वाटावं म्हणून नव्हे. ज्याला हे आपल्या पापाचं फळ वाटतं तो ते लपवतो. ऑफिसात सांगत नाही, मुलीचं लग्न जमेपर्यंत सोयऱ्यांना कळू देत नाही, डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन दिवस उपास करून फास्टिंग 'चांगली' आणतो. हा शेवटचा प्रकार किती जण करतात हे विचारलं तर कुठलाही डॉक्टर हसेल. एचबीएवनसीला मात्र ही दोन दिवसांची पुण्याई दिसत नाही.

आता या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासाकडे वळू. नव्यानेच मधुमेह निघालेल्या माणसांवर एवढ्या चिकाटीने केलेलं दुसरं काम शोधून सापडणं अवघड आहे. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली ब्रिटनमध्ये ही पाहणी सुरू केली. 'यूकेपीडीएस' हे तिचं प्रचलित नाव. नवीन निदान झालेले ५,१०२ रुग्ण त्यात होते. काहींना त्या काळच्या रीतीप्रमाणे मुख्यतः पथ्यावर ठेवलं, काहींची साखर औषधांनी कसून आवळली. १९९८ साली निकाल जाहीर झाला तेव्हा दोन गटांच्या एचबीएवनसीमध्ये फरक होता तो ७.९ आणि ७ एवढाच. ऐकायला किरकोळ वाटतो. पण डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या ठिकाणची दुखणी आवळलेल्या गटात २५ टक्क्यांनी कमी निघाली.

खरी गंमत त्यानंतरची आहे. अभ्यास संपला, सगळे आपापल्या डॉक्टरांकडे गेले आणि वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. म्हणजे आवळलेल्यांची आघाडी संपली. संशोधक मात्र आणखी दहा वर्षं मागोवा घेत राहिले. २००८ साली त्यांनी सांगितलं की सुरुवातीला ज्यांची साखर आटोक्यात होती त्यांना फायदा अजूनही मिळतो आहे. एवढंच नव्हे, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूही त्यांच्यात कमी आहेत. सुरुवातीच्या वर्षांतली चांगली साखर शरीराच्या खात्यावर जमा राहते आणि पुढे कितीतरी वर्षं व्याज देते. 'बॉर्डरवर आहे' म्हणत काढलेलं पहिलं वर्ष म्हणूनच महाग पडतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट धक्कादायक आहे. निदान होतं त्या वेळी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद साधारण निम्मीच उरलेली असते. म्हणजे रिपोर्टची तारीख ही आजाराच्या सुरुवातीची तारीख नव्हे. तो काही वर्षं आधीपासून मुक्कामाला असतो. यातून एक दिलासाही निघतो : इतकी वर्षं जे चाललं ते आज रात्रीतून उलटवायची गरज नाही. साखर फार चढलेली नसेल, कसला संसर्ग नसेल, तर पंधरा दिवस नीट समजून घ्यायला वेळ आहे. पाच वर्षं मात्र नाहीत.

आजार आधीपासूनचा असतो म्हणूनच पहिल्याच महिन्यात काही तपासण्या करून घ्यायच्या असतात, आणि नेमक्या याच लोक टाळतात कारण 'मला काही त्रासच नाही'. डोळ्यांचा पडदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पाहतात. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. पडदा बराच बिघडेपर्यंत दिसण्यात काहीही फरक पडत नाही, दुखत तर मुळीच नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मूत्रपिंडाचा त्रास क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी दाखवते. पायांना नायलॉनच्या एका जाडसर धाग्याने स्पर्श करून संवेदना पाहतात. हा धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर चपलेत खडा गेलेलाही कळणार नाही. आपल्याकडे हे विशेष जपायचं, कारण आपण देवळात अनवाणी जातो आणि मे महिन्यात दुपारी फरसबंदी तव्यासारखी तापलेली असते. पायाची जाणीव गेलेल्या माणसाच्या तळव्याला फोड आलाय हे घरी येऊन पाय धुताना समजतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही याच वेळी पाहतात. मधुमेह्याला अखेर सर्वांत जास्त धोका असतो तो हृदयाचा.

गोळ्यांविषयी घराघरांत दोन समजुती आहेत. एक, गोळी चालू केली की सुटत नाही. दोन, गोळ्यांनी किडनी जाते. पहिल्या समजुतीत कारण आणि परिणाम उलटे झालेत. सुटत नाही तो आजार, गोळी त्याच्या मागून येते. दुसरीचा उगम समजण्यासारखा आहे. सर्वांत आधी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर कमी करावी किंवा थांबवावी लागते. त्यावरून 'गोळीनेच किडनी गेली' असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि रक्तदाब. 'केमिकल' म्हणून मेटफॉर्मिनला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती : तिच्या संशोधनाची सुरुवात युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्यापासून झाली, आणि पॅरिसचे डॉक्टर झां स्टर्न यांनी १९५७ साली ती मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. सुरुवातीला पोट बिघडवते. जेवणासोबत घेतली, डोस हळूहळू वाढवला, किंवा सावकाश विरघळणारी गोळी मागून घेतली तर बहुतेकांना सोसते. बरीच वर्षं घेणाऱ्यांनी अधूनमधून बी-१२ तपासावं, शाकाहारी असाल तर नक्कीच.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन चमत्कारिक गोष्टी होतात, आणि त्या आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण औषध सोडून देतात. पहिली, नजर धूसर होते. डोळ्यातल्या भिंगाला चढलेल्या साखरेची सवय झालेली असते. साखर उतरली की भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर बदलतो. काही आठवड्यांत तो आपोआप स्थिर होतो. या काळात नवा चष्मा करू नये, पैसे वाया जातात. दुसरी, साखर १४० असतानाही हात कापतात, घाम येतो, गळाल्यासारखं होतं. ३०० वर रुळलेल्या शरीराला १४० हीच तूट वाटते. अशा वेळी ग्लुकोमीटरने मोजून पाहावं. आकडा खरोखर ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. नसेल तर थोडं बसावं, ते जातं. खरी घसरण मुख्यतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना होते. चतुर्थीचा उपास, वर नेहमीची गोळी, आणि चंद्रोदय दहाला, हा हमखास घात आहे. उपास सोडायचा नसेल तर निदान गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारावं. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर उलटा खेळ होतो, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. 'आज काहीच खाल्लं नाही, फक्त खिचडी' असं म्हणत साखर २८० आणणारे खूप आहेत.

खाण्याच्या बाबतीत याद्या वाटण्यावर माझा विश्वास नाही. भात वाईट आणि भाकरी चांगली, साखर वाईट आणि गूळ चांगला, असल्या याद्या चुकीच्या तरी असतात किंवा अर्धवट. गूळ रक्तात जाऊन ग्लुकोजच होतो. ज्वारीच्या भाकरीत कोंडा असतो, पण ताटाएवढ्या तीन भाकऱ्यांमध्ये स्टार्चही भरपूर असतो. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसते, मैदा असतो. त्यापेक्षा पहिले पंधरा दिवस स्वतःवरच प्रयोग करावा. स्ट्रिप महाग असतात, म्हणून रोज फास्टिंग मोजत बसू नये. एखाद्या जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा मोजावं, दोन आकड्यांतला फरक लिहावा. पोह्यांनी काय होतं, उसळीसोबत घेतलेल्या पोह्यांनी काय होतं, आधी कोशिंबीर आणि वरण खाऊन शेवटी थोडा भात घेतला तर काय होतं, हे तुमच्या शरीराचं उत्तर कुठल्याही छापील तक्त्याहून खरं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालून पुन्हा मोजून पाहा. चालणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो. आपल्याकडची शतपावली या हिशेबात चोख बसते, फक्त शंभर पावलं पुरत नाहीत.

हा प्रयोग करायला घरातली चूल साथ देणारी लागते, आणि इथे बाई आणि पुरुष यांच्या वाट्याला वेगळा आजार येतो. नवऱ्याला शुगर निघाली की घरातला स्वयंपाक बदलतो. बायकोला निघाली की ती स्वतःसाठी वेगळं काही करत नाही; सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात संपवते, कारण अन्न टाकायचं नसतं. तिची गोळी 'नंतर घेते' यात राहते. घरच्यांनी काही करायचंच असेल तर तिच्या ताटावर नजर ठेवण्यापेक्षा तिला सकाळी पाऊण तास मोकळा द्यावा.

नजर ठेवणं हा स्वतंत्र विषय आहे. पंगतीत एकीकडे 'एक खाल्ल्याने काही होत नाही, घ्या हो' असा आग्रह आणि दुसरीकडे मुलगा लांबून डोळे वटारतोय, या दोन्हींच्या मध्ये सापडलेला माणूस शेवटी स्वयंपाकघरात उभा राहून चोरून खातो. बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाला आजारामुळे कशाचा जाच होतो ते तिच्यातून मोजता येतं : सतत खाण्याचा विचार, पुढच्या दुखण्यांची धास्ती, घरचे समजून घेत नाहीत ही भावना, डॉक्टरांसमोर वाटणारं अपराधीपण. हे औदासीन्य नव्हे, डिप्रेशनची गोळी त्यावर लागू पडतेच असं नाही. आजाराचं रोजचं ओझं आहे ते. ज्यांचं हे ओझं जास्त त्यांची साखरही बहुधा जास्त असते. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात हे खरं, पण त्यातलं एक मिनिट 'मला हे सगळं झेपत नाहीये' असं स्पष्ट सांगायला वापरलं तर औषधांच्या वेळा कमी करणं, दोन गोळ्यांची एक करणं अशा साध्या गोष्टी निघू शकतात.

व्यवहाराची एक गोष्ट. आरोग्यविमा नव्याने घेत असाल तर निदान लपवू नका; दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठ्या निघतात. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४च्या नियमांनुसार तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. आणि जनऔषधी दुकानात मेटफॉर्मिन फार स्वस्त मिळते, हे महागाचं पाकीट दर महिन्याला घेणाऱ्यांना अनेकदा ठाऊक नसतं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करतात. सोसासोसाने पाळलेल्या पथ्यामुळे ती बहुतेकांची उतरते, कधी नऊवरून साडेसहावर. इथे दोन वाटा फुटतात. काही जण 'गेला आजार' म्हणून गोळी बंद करतात. काहींच्या डोक्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'मधुमेह मुळापासून' हा मजकूर असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नीट समजून घ्यावं. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या 'डायरेक्ट' या प्रयोगात निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीच्या द्रव आहारावर ठेवलं, सुरुवातीलाच औषधं थांबवली. २०१७ साली त्यांनी सांगितलं की वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पट्टीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेरीस एकूण ३६ टक्के उरले. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, कारल्याच्या रसाने नाही. आणि वजन परत आलं तेव्हा साखरही परत आली.

बाकीच्यांना पुढे कधीतरी दुसरी गोळी लागते आणि ते खचतात : 'इतकं पथ्य करूनही डोस वाढला.' ऑक्सफर्डच्या त्याच अभ्यासात असं दिसलं की तीन वर्षांनी जवळपास निम्म्या रुग्णांना एका औषधावर भागत नव्हतं. स्वादुपिंड हळूहळू दमत जातं, त्यात रुग्णाची नापासी नसते. इन्शुलिनचंही तेच. ते 'शेवटची पायरी' म्हणून टाळत वर्षं काढण्यापेक्षा गरज पडली तर वेळेत घेतलेलं बरं. शिवाय साखर फार चढलेली असेल तर ते अगदी सुरुवातीलाच काही आठवडे देऊन नंतर थांबवताही येतं. ज्यांची साखर गोळ्यांविना सामान्य झाली आहे त्यांनीही दर वर्षी एचबीएवनसी, लघवी आणि डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर, दातांच्या असोत की हाडांच्या, 'मला मधुमेह निघाला होता' हे सांगायचं असतं.